गुंगेरियाचा ठेवा : दोन गुराखी पोरं आणि पावणेचार क्विंटल तांबं

आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आहेत. त्या गुंगेरियाच्या.

गुंगेरिया बालाघाट जिल्ह्यात. आज ते मध्य प्रदेशात असलं, तरी १८७० साली त्या मुलखाचा कारभार नागपूरहूनच चालायचा. त्या वर्षी गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. उकरलं तर काय, तांब्याची ४२४ हत्यारं! वजन जवळपास पावणेचार क्विंटल. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे. काही गोल, काही शिंगवाल्या बैलाच्या तोंडासारखे.

आता विचार करा, तांबं म्हणजे रोख पैसा. तांबटाकडे गेलं असतं तर त्याचे हंडे-कळश्या झाल्या असत्या. सरकारदरबारी नोंद झाली, म्हणून निदान हे आकडे तरी आपल्या हाती आहेत. पण ठेव्याची पांगापांग झाली. काही नग तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. आणि तो कोणी पुरला, का पुरला, हे सांगणारी माती केव्हाच उकरली गेली होती.

दायमाबादचंही तसंच. १९७४ मध्ये प्रवराकाठी एका शेतकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार कांस्यमूर्ती सापडल्या. पुढं तिथं रीतसर उत्खनन झालं, तरी मूर्तींच्या काळावरून वाद आहेच.

वस्तू परत मिळवता येते, मंडळी. तिची जागा एकदा उकरली की संपली. म्हणून शेतात काही लागलं, तर हात लावण्याआधी कलेक्टर ऑफिसला कळवा.