नंदीध्वजांचा मार्ग आणि क्रम

सोलापूरचा इतिहास १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून मोजू लागल्यास सिद्धरामांचे बाराव्या शतकातील सोन्नलगी दृष्टीआड होते. त्या गावाची व्याप्ती मात्र दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास लोक पायी चालून उजळीत असतात. सिद्धरामांनी स्थापिली अशी श्रद्धा असलेल्या अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी सात नंदीध्वज निघतात. सुमारे तीस फूट उंचीच्या त्या सजविलेल्या काठ्या बाराबंदी घातलेले भक्त कमरेवर तोलून धरतात. हे शिल्प देवळात बसून राहात नाही, घरांपुढून जाते.

कुंभारकन्येचा योगदंडाशी झालेला विवाह हा श्रद्धेचा विषय होय. इतिहासाच्या अभ्यासकास मिरवणुकीचा क्रम अधिक बोलका वाटावा. तिसरा ध्वज लिंगायत माळी समाजाचा, चौथा व पाचवा विश्वब्राह्मणांचा, सहावा व सातवा मातंग समाजाचा. मातंगांना येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे, आणि तो शेवटचा आहे. पहिली गोष्ट उत्साहाने सांगितली जाते, दुसरीचा उच्चार सहसा होत नाही. यात्रेच्या अखेरीस होम मैदानावर रात्री शोभेचे दारूकाम होते. ते पाहावयास उभ्या राहणाऱ्या गर्दीला असा कोणताही क्रम नसतो.