ओळखीचे शब्द, अनोळखी स्वर

१९८० च्या मे महिन्यांत युगोस्लाव्हियाचे सर्वाधिकारी मार्शल टिटो निवर्तले. पुढच्याच महिन्यांत त्या देशाच्या स्लोव्हेनिया प्रांतांतील ट्रबोव्हल्ये या कोळशाच्या खाणींच्या गांवीं तरुणांचें एक वादकमंडळ निघालें. त्यांनीं नांव घेतलें ‘लायबाख’. प्रांताची राजधानी ल्युब्लियाना, तिचें हें जुनें जर्मन नांव. महायुद्धांत जर्मन फौजांच्या अमलाखालीं तेंच चालत असे. वृद्धांच्या कानांस तें कसें लागलें असेल हें सांगावयास नको. १९८३ मध्यें हे तरुण लष्करी पोषाखांत दूरचित्रवाणीवर आले व पढविल्यासारखीं उत्तरें देऊन गेले. लागलीच राजधानींत या नांवानें कार्यक्रम करण्यास बंदी झाली. ती १९८७ पर्यंत टिकली.

त्याच १९८७ सालीं मंडळाची खरी करामत जगानें ऐकिली. ‘क्वीन’ या इंग्रज मंडळाचें ‘वन् व्हिजन’ हें १९८५ चें गाणें मानवजातीच्या एकोप्याचें. लायबाखनें तें जर्मन भाषेंत आणलें, मथळा दिला ‘एका राष्ट्राचा जन्म’, लय जड केली, रणवाद्यें घातलीं, आणि खर्जांतल्या घोगऱ्या आवाजांत तें म्हटलें. अर्थ बहुतेक तोच राहिला. पण एकोप्याची हांक आतां हुकुमासारखी ऐकूं येऊं लागली! विडंबनकार एरवीं चाल ठेवून शब्द बदलतो. येथें शब्द राहिले आणि स्वर पालटला. ‘ओपस’ या ऑस्ट्रियन मंडळाच्या एका आनंदी गाण्याचेंही असेंच संचलनगीत झालें. १९८८ मध्यें तर ‘बीटल्स’चा ‘लेट इट बी’ हा सबंध गीतसंग्रह त्यांनीं हातीं घेतला आणि नेमकें त्या नांवाचें गाणेंच गाळलें. हा खट्याळपणा खासा!

हे लोक हुकूमशाहीचे भक्त कीं टीकाकार? विचारणारांस सरळ उत्तर त्यांनीं दिलें नाहीं. स्लाव्हॉय झिझेक या स्लोव्हेन तत्त्वचिंतकानें १९९३ सालीं त्यांची बाजू मांडली. सत्तेचा थाट हंसूं न आणतां हुबेहूब वठविला, कीं सत्तेचीच पंचाईत होते, असा त्याचा आशय. तें पटण्यासारखें आहे. मंडळी एकदां जरी गालांत हंसली असती, तरी श्रोता निर्धास्त झाला असता.

२०१५ च्या ऑगस्टमध्यें, जपानी अमलांतून कोरिया सुटल्यास ७० वर्षें झालीं त्या वेळीं, लायबाख उत्तर कोरियांत गेलें. प्याँगयांगच्या नाट्यगृहांत त्यांनीं ‘साउंड ऑफ म्यूझिक’मधलीं गाणीं म्हटलीं. त्या कथेंत एक कुटुंब नात्झींच्या तावडींतून डोंगर ओलांडून निसटतें. श्रोत्यांनीं शिस्तीनें टाळ्या वाजविल्या.