सारथ्याचें आत्मपरीक्षण

मुंबईच्या घोडागाडीवरील 'कोचमन' आणि मुलांस परीक्षेसाठीं तयार करणारा 'कोचिंग क्लास' हे शब्द आपल्या घरांत इतके रुळले आहेत कीं, दोहोंचें मूळ एकाच गांवाच्या नांवांत आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हंगेरी देशांत कोच नांवाचें एक लहानसें गांव आहे. पंधराव्या शतकांत तेथें उत्तम घोडागाड्या तयार होऊं लागल्या, आणि गांवाचें नांव गाडीस पडून तें युरोपभर पसरलें. पुढें १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं, परीक्षेच्या पैलतीरास नेऊन पोंचविणाऱ्या खाजगी शिक्षकास थट्टेनें हेंच नांव दिलें. आजकाल मोठमोठ्या कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांशीं एकांतांत बसून, उपदेश न करितां केवळ प्रश्नांच्या साहाय्यानें त्यांस स्वतःचा मार्ग शोधावयास लावणारा जो व्यवसाय उदयास आला आहे, तोही 'कोचिंग' याच नांवानें चालतो.

गाडींत बसलेल्यांची विचारपूस सर्वच करितात. परंतु सारथ्याची दृष्टि निर्मळ आहे किंवा नाहीं, हें कोणी पाहावयाचें? जो दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेऊं पाहतो, त्याच्याही मनांत आवडीनिवडी, भीति, मोठेपणाची हौस हीं असतातच. आणि दिव्याखालीं अंधार या न्यायानें तीं त्याची त्यास दिसत नाहींत. हा प्रश्न कसोशीनें हाताळला गेला तो मनोविश्लेषणशास्त्रांत. १९१० सालीं फ्रॉइडनें आपल्या सहकाऱ्यांस बजावलें कीं, वैद्याच्या स्वतःच्या मनांतील गांठी जेथें सुटलेल्या नाहींत, त्यापुढें तो रोग्यासमवेत जाऊं शकत नाहीं. १९२० सालीं मॅक्स आयटिंगॉन प्रभृतींनीं बर्लिन येथें चिकित्सालय उघडलें. तेथें नवशिक्यानें आधीं स्वतःच्या मनाचें विश्लेषण करून घ्यावें, आणि मग आपले पहिले रोगी एखाद्या अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं हाताळावे, असा प्रघात पडला. हा तज्ज्ञ नवशिक्याच्या मनाचें विश्लेषण करणाऱ्याहून निराळा असावा, असा बर्लिनचा आग्रह असे. आणि या देखरेखीस 'नियंत्रण' याच अर्थाचें नांव होतें.

बुडापेस्टच्या मंडळींस हें रुचलें नाहीं. शांडोर फेरेंझी याच्या परंपरेंतील विल्मा कोव्हाच या विदुषीनें असा पक्ष मांडला कीं, नवशिक्यानें आपल्या पहिल्या रोग्याची हकीकत स्वतःच्या विश्लेषकापाशींच सांगावी. कारण त्याचें उत्तर बरोबर कीं चूक, हा मुख्य प्रश्नच नव्हे. रोग्याचें बोलणें ऐकतांना त्याच्या स्वतःच्या अंतःकरणांत काय उसळलें, हें त्यास कळलें पाहिजे. बर्लिनची दृष्टि परीक्षेची, तर बुडापेस्टची आत्मपरीक्षेची, असें स्थूलमानानें म्हणावयास हरकत नाहीं.

याच बुडापेस्टांत मायकेल बॅलिंट हा डॉक्टर वाढला. १९३० नंतरच्या दशकांत त्यानें सामान्य डॉक्टरांची एक मंडळी जमविली. आपल्या रोग्यांविषयीं त्यांनीं एकमेकांशीं मोकळेपणानें बोलावें, हा त्याचा हेतु. परंतु प्रत्येक बैठकीस साध्या वेषांतील एक पोलीस येऊन बसे, आणि कोण आलें व काय बोललें याचें टांचण करून घेई. अशा स्थितींत स्वतःच्या चुकीविषयीं कोण तोंड उघडणार? तो उद्योग तेथेंच खुंटला. १९३९ सालीं बॅलिंट मँचेस्टरला गेला, आणि १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयांत त्याच कल्पनेस त्यानें पुन्हां हात घातला. त्या बैठकींत डॉक्टर आपल्या रोग्याची कथा सांगे, आणि सोबती विचारीत: हा मनुष्य दारांत दिसतांच तुम्हांस कंटाळा कां आला? १९५७ सालच्या आपल्या ग्रंथांत बॅलिंटनें दाखवून दिलें कीं, वैद्य स्वतःच एक औषध आहे. मात्र त्याची मात्रा व अपाय कोणत्याही औषधिग्रंथांत सांपडत नाहींत.

१९५५ सालीं हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन डॉक्टरानें आणखी एक मार्मिक गोष्ट नमूद केली होती. रोगी व वैद्य यांच्यांतील नातें, तो वैद्य आपल्या मार्गदर्शकापुढें बसला असतां, नकळत तेथेंही उमटतें. रोगी टाळाटाळ करणारा असला, तर त्याची हकीकत सांगतांना वैद्यही टाळाटाळ करूं लागतो. मार्गदर्शक सावध असेल, तर त्या क्षणाचाच तो आरसा करितो. पुढें १९८३ सालीं डॉनल्ड शॉन यानें कृति करीत असतां होणारें चिंतन व कृतीनंतरचें चिंतन यांचा भेद मांडला. १९८९ सालीं पीटर हॉकिन्स व रॉबिन शोहेट यांनीं देखरेखीच्या या शास्त्रास ग्रंथरूप दिलें. आणि तेथून हा विचार कोचिंगच्या व्यवसायांत आला.

तो कितपत रुजला? इंग्लंडांत २००६ सालीं हॉकिन्स व श्वेंक यांनीं केलेल्या पाहणींत, अशी नियमित देखरेख हवी असें शेंकडा ८६ कोच म्हणाले. प्रत्यक्षांत ती घेणारे शेंकडा ४४ च निघाले. या अंतराचें कारण निव्वळ आळस असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. देखरेख म्हटली कीं मनांत बुडापेस्टचा तो टांचण घेणारा पोलीस उभा राहतो. पैसे मोजणारी कंपनी जर मार्गदर्शकापाशीं अहवाल मागूं लागली, तर कोच आपलीं यशेंच तेवढीं घेऊन जाईल, आणि जें सांगावयास हवें होतें तें घरींच ठेवील. उलटपक्षीं, कोणीच विचारणारा नसला, तर आत्मपरीक्षणाच्या नांवाखालीं आत्मसमर्थन चालूं राहतें, हेंही तितकेंच खरें. अशिलाच्या हितासाठीं देखरेख हवीच; मात्र ती अशा मनुष्याची हवी कीं, ज्याच्यापुढें आपली चूक निर्भयपणें मांडतां यावी.

ही गरज त्या एका व्यवसायाचीच आहे असें नव्हे. शिक्षक, डॉक्टर, किंबहुना घरांतील वडील माणसें, हीं सर्वच दुसऱ्यांस वाट दाखवीत असतात. लहानांच्या चुकांचा हिशेब आपण रोज मांडतों. त्या चुका पाहून आपणांस राग कां आला, हें ज्याला निःसंकोच सांगावें असें एक तरी माणूस आपणांस आहे काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.