पाणी कुठलं? प्रवाशाने धंद्याला गुण द्यायचे तर

आपण प्रवासात हॉटेलला, लॉजला, ढाब्याला तारे देतो. खोली स्वच्छ, जेवण गरम, पाणी भरपूर, की झाले पाच तारे! पण त्या धंद्याचा गावावर काय भार पडतो, गाव आणखी वीस वर्षं तो भार सोसेल का, याला गुण कोण देणार? आज हा प्रश्न आपण नांदूरघाटाच्या नजरेतून बघू. नांदूरघाट म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. इथे कॅमेरा गळ्यात अडकवलेला पर्यटक फारसा येत नाही. माणसं येतात ती बाजाराला, लग्नाला, नोकरीला. पण थांबून चहा पिणारा प्रत्येक जण प्रवासीच की.

आधी थोडं मागे जाऊ. प्रवाशाने शेरा लिहायचा ही पद्धत इंटरनेटच्या कितीतरी आधीची. इंग्रजी अमलात डाक बंगल्यावर एक वही असायची. उतरलेल्या साहेबाने नाव लिहायचं, आल्या-गेल्याची तारीख लिहायची आणि तक्रार असेल तर तीही. वरचे अधिकारी ती वही तपासायचे, त्यामुळे खानसामा तिला दबकून असायचा. म्हणजे हे रेटिंगच झालं! फक्त त्यात हिशेब साहेबाच्या सोयीचा. पाणी वाहून आणणाऱ्या भिश्तीला काय मिळालं, गावच्या विहिरीत काय उरलं, यासाठी वहीत जागा नव्हती.

तिकडे फ्रान्समध्ये मिशलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, हा साधा व्यापारी विचार. १९२६ पासून चांगल्या जेवणाला तारा मिळू लागला. निसर्ग जपणाऱ्या उपाहारगृहांसाठी ‘हिरवा तारा’ यायला मात्र २०२० साल उजाडलं. जेवणाची चव मोजायला लागल्यावर त्या जेवणाची किंमत कोण मोजतं हे विचारायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

आता आपल्या मराठवाड्यातली गोष्ट. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. तेव्हा दौलताबादही निजामाच्या राज्यात आणि बीडही. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काहींनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. लगेच ‘पाणी बाटवलं’ म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर त्यांना आत सोडलं आणि सोबत शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. माझ्या मते एखाद्या ठिकाणाबद्दल प्रवाशाने दिलेली यापेक्षा महत्त्वाची साक्ष आपल्याकडे क्वचितच असेल. हौदात पाणी आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ते कोणाला मिळतं हेही विचारावं लागतं.

आज जगात शाश्वत पर्यटनाचे निकष आहेत. २००८ मध्ये त्यांचा पहिला जागतिक मसुदा आला. त्यात चार गोष्टी बघतात: कारभार कसा आहे, स्थानिक माणसाला काय मिळतं, तिथली संस्कृती जपली जाते का आणि पर्यावरणाचं काय होतं. निकष चांगलेच आहेत. पण तपासणार कोण? बुकिंग डॉट कॉमने २०२१ मध्ये ‘शाश्वत प्रवास’ असा बिल्ला सुरू केला. नेदरलँड्सच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने म्हटलं, यातून ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते. २०२४ मध्ये तो बिल्ला काढला गेला. थोडक्यात, आयता बिल्ला बघून निर्धास्त होऊ नका. स्वतः विचारा.

पण काय विचारायचं? नांदूरघाटात मी सुरुवात पाण्यापासून करेन. याच केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. त्यावर लातूर शहराची तहान भागते. २०१६ मध्ये ते आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. असल्या मुलखात ‘पाणी भरपूर’ हा शेरा कौतुकाचा की काळजीचा, हे ठरवायला आणखी दोन शब्द लागतात: पाणी कुठलं?

म्हणून पहिला प्रश्न: पाणी बोअरचं, नळाचं, टँकरचं की जारचं? आणि वापरलेलं पाणी जातं कुठे? आरओ यंत्र पाणी गाळताना बरंचसं बाहेर टाकतं. ते गटारात जातं की भांडी धुवायला?

दुसरा प्रश्न: चहा कशात देतात? महाराष्ट्रात २०१८ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे. कागदी कपालाही आतून बहुधा प्लॅस्टिकचाच थर असतो. काचेचा ग्लास विसळायला पाणी लागतं, हेही खरं. तेव्हा मालक ते पाणी कसं वाचवतो ते बघा.

तिसरा आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न: इथे काम करतं कोण आणि किती महिने? बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पोरांची शाळा सुटते, घरात म्हातारी माणसं उरतात. एखाद्या खाणावळीने गावातल्या दोन घरांना बारमाही काम दिलं, तर ती दोन घरं कोयता उचलून बाहेर पडायची थांबू शकतात. याला किती तारे द्याल?

आता अडचण ऐका. जो मालक पाणी जपतो, तोच आपल्या रेटिंगमध्ये मार खातो. त्याने अर्धा ग्लास भरून दिला की आपण ‘कंजूष’ लिहितो. बादली मोजून दिली की ‘सोय नाही’. शेजारचा टँकर मागवून शॉवर सोडतो आणि पाच तारे घेतो. म्हणजे चुकीचा धंदा आपणच मोठा करतोय. डाक बंगल्याच्या वहीपासून आपण फार पुढे आलेलो नाही.

यावर उपाय आपल्या हातात आहे. तारे द्या, पण खाली एक ओळ लिहा. ‘पाणी मोजून मिळतं, कारण इथे दुष्काळ आहे. मालक जपून वापरतो.’ ‘वाढणाऱ्या मावशी गावातल्याच, वर्षभर कामाला.’ पुढचा प्रवासी ती ओळ वाचून येईल आणि मालकालाही कळेल की हे बघणारं कोणीतरी आहे. मात्र विचारताना इन्स्पेक्टर होऊ नका. चहा घेता घेता विचारा. माणसं बोलतात.

तर मंडळी, तुमच्या गावच्या हॉटेलला हे तीन प्रश्न लावून बघा आणि काय सापडलं ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.