साठ दिवसांची मुदत आणि न लागणारे कुलूप

रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर 60 दिवस विनामूल्य वापरता येते. त्यानंतर पैसे भरणे परवान्यानुसार बंधनकारक असते; तरीही एकसष्टाव्या दिवशी ते बंद पडत नाही. उघडताना आठवण करून देणारी सूचना येते, काही सेकंद थांबावे लागते आणि काम पूर्ववत सुरू होते. बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीला किंवा मेहकरला, घरातल्या खोलीत भजने ध्वनिमुद्रित करणाऱ्याला हा विक्रेत्याचा भोळेपणा वाटेल. पण हा हिशेब जुना आहे.

1982 साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी पीसी-टॉक हा प्रोग्रॅम लोकांच्या हाती दिला: प्रती काढा, मित्रांना वाटा, उपयोगी पडला तर 25 डॉलर पाठवा. देणगीवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीच्या आवाहनांवरून त्यांना हे सुचले. पुढे बॉब वॉलेस यांच्या पीसी-राइटमुळे ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला. दुकान आणि वितरक न परवडणाऱ्या एकट्या प्रोग्रॅमरसाठी फुकट फिरणारी फ्लॉपी हीच जाहिरात होती.

ध्वनीच्या क्षेत्रात हा मार्ग जस्टिन फ्रँकल यांनी अनुभवला. 1997 मध्ये आलेल्या विनअँपसाठी पुढे त्यांनी 10 डॉलर मागितले. न देणाऱ्याचे गाणे थांबत नसे; तरी टपालाने धनादेश येत राहिले. 1999 मध्ये एओएलने त्यांची नलसॉफ्ट कंपनी विकत घेतली, 2004 मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि 2006 मध्ये रीपरची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

इतरांनी कुलपे लावली. कुणाच्या चाचणी आवृत्तीत मधूनमधून खरखर ऐकू येई, कुणी जतन करण्याची सोयच काढून घेतली. बेल्जियमच्या एफएल स्टुडिओची युक्ती अधिक व्यवहारचतुर: मुदत नाही, पण जतन केलेले काम पुन्हा उघडायचे तर आधी खरेदी. कुलूप तोडणारा ते तोडतोच. जाच मात्र पैसे मोजलेल्याच्या वाट्याला येतो. फ्रँकल यांनी हे ओळखले असावे.

रीपरचा परवाना 60 डॉलरला, म्हणजे 5,000 रुपयांहून अधिक किमतीला पडतो. चिखलीत ही रक्कम लहान नव्हे. वर्षाची उलाढाल 20,000 डॉलरच्या वर असलेल्या व्यावसायिकाला 225 डॉलर मोजावे लागतात. ही सवलत उत्पन्न पाहते, देश पाहत नाही. एकदा घेतलेला परवाना मात्र पुढच्या मुख्य आवृत्तीलाही पुरतो: सातवीवर घेतला, तर 8.99 पर्यंत.