रिकाम्या चौकटींपुढे

एप्रिल 1942. वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयाचा जिना तुम्ही चढताय. तुम्ही सैनिकी विद्यार्थी आहात. सकाळपासून तुमच्या तुकडीनं हिवाळ्यात ओल धरलेलं फर्निचर बाहेर उन्हात नेलंय. त्या मदतीबद्दल पहाऱ्यावरच्या आजी तुम्हाला संग्रहालय दाखवणार आहेत.

दालनात शिरता आणि थबकता. पायाखाली फुटक्या काचा, भिंतींवर नुसत्या सोनेरी चौकटी. चित्रं गेल्या जुलैतच स्वेर्दलोव्स्कला रवाना झाली. दोन आगगाड्यांतून 10 लाखांहून अधिक वस्तू गेल्या. परतल्यावर प्रत्येक चित्र आपल्याच जागी लागावं म्हणून चौकटी तशाच ठेवल्यात.

आजींनी साठी ओलांडलीय. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्या वाट्याला दिवसाला 125 ग्रॅम पाव येत होता. झोपायला तळघर, रात्री आगीवर टाकायला वाळूच्या बादल्या. आता त्या अडीच मीटरहून उंच चौकटीसमोर उभ्या राहतात. "रेम्ब्रांट. उधळ्या पुत्राचं पुनरागमन. जवळ या, पोरांनो."

त्यांचं बोट हवेत फिरू लागतं. "इथं मुलगा गुडघे टेकून बसलाय, पाठ आपल्याकडे. डाव्या पायातला जोडा निसटलाय, तळवा बघा कसा झालाय! वर बाप. त्याचे हात मुलाच्या पाठीवर आहेत, एक रुंद, एक नाजूक. आणि उजवीकडे थोरला भाऊ, लाल झग्यात."

"तो रागावलाय?" तुमच्या शेजारचा विचारतो.

"तोंडावर उजेड आहे, पण पाऊल पुढे पडत नाही. आता तूच सांग."

तुम्ही त्या मोकळ्या जागेत थोरल्याचा चेहरा शोधू लागता. घरची आठवण येते. आजी घाई करत नाहीत. सगळ्यांचं बघून होईपर्यंत थांबतात, मगच पुढच्या चौकटीकडे वळतात.

त्या वसंतात मदतीला आलेल्या सैनिकी विद्यार्थ्यांना इथं खरोखरच अशी रिकाम्या चौकटींची सफर घडवली गेली. 872 दिवसांचा वेढा 27 जानेवारी 1944 रोजी उठला. ऑक्टोबर 1945 मध्ये चित्रं परतली, नोव्हेंबरात दालनं उघडली. चित्रं आगगाड्यांनी वाचवली. ती पाहायची कशी, हे मात्र उपाशी राहून पहारा देणाऱ्या माणसांनी जपलं. म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात जाल तेव्हा दालनातल्या वयस्कर कर्मचाऱ्याला एका चित्राबद्दल जरूर विचारा, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत थांबा.