यवनाचे लेणे : नाशिकच्या डोंगरावरील एक दानलेख

सुरतेत मराठीच्या तासाला एक उतारा वाचत असताना ‘यवन’ हा शब्द आला. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, यवन म्हणजे आपणच ना?’’ मध्ययुगीन मराठीत हा शब्द बहुधा मुसलमानांसाठी आणि पुष्कळदा रोषाने येतो. तेव्हा तिचे काही चुकले नव्हते. मी मात्र कोशातला अर्थ सांगून पुढे गेलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची उशिरा केलेली भरपाई होय.

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीकांचा इयोनिया हा प्रांत होता. तेथील प्रीएनी नगरात अथेना देवीच्या मंदिराच्या भिंतीवर सिकंदराचा अर्पणलेख कोरलेला होता. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजा अलेक्झांडरने हे मंदिर अथेनेला अर्पण केले, एवढाच त्याचा आशय. याच इयोनियाच्या नावाचे जुन्या इराणी भाषेत ‘यौना’, संस्कृतात ‘यवन’, प्राकृतात ‘योन’ आणि अरबी-फारसीत ‘यूनान’ झाले. आपल्या मोहल्ल्यातील यूनानी दवाखान्याची पाटी आणि पोथीतील यवन हे एकाच घरचे शब्द आहेत. उर्दूच्या वर्गात जो शब्द हिकमतीची आठवण देतो, तोच मराठीच्या वर्गात मान खाली घालायला लावतो, हे मला दोन्ही विषय शिकवूनही फार उशिरा ध्यानात आले.

आता नाशिककडे येऊ. तेथील त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक प्राकृत लेख आहे. एमिल सेनार यांनी तो १९०५-०६ च्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात वाचून प्रसिद्ध केला. दाता आपली ओळख सविस्तर देतो : उत्तरेकडचा, दात्तामित्री नगराचा, योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. त्याने लेणे खोदविले, आत चैत्यगृह व पाण्याची टाकी करविली. हे सारे आईवडिलांप्रीत्यर्थ आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी केले आणि चारही दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. दानात मुलगा धम्मरक्षितही सहभागी आहे.

दात्तामित्री हे नाव विद्वान ग्रीक राजा दिमित्रियशी जोडतात. पण आजोबा, मुलगा, नातू या तिघांच्याही नावांत ग्रीक काही उरलेले नाही. भाषा आणि लिपी इथली, धर्म इथला. तरीही ‘योनक’ हा शब्द त्याने गाळला नाही. तो कोणी त्याला चिकटवलेला नसून, स्वतःच्या पैशाने त्याने तो दगडात कोरून घेतला. सिकंदराच्या लेखात आईवडिलांना जागा नाही, इथे आहे; मला हा लेख अधिक जवळचा वाटतो. शिवाय लेखातील ‘लेण’ हा शब्द आपण ‘लेणे’ म्हणून आजही वापरतोच. जुन्नरलाही यवनांची दाने आहेत. इरिल नावाच्या यवनाने तेथे दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला.

मग अर्थ बदलला कधी? तो फार पूर्वीच सैल होऊ लागला होता. जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी महाक्षत्रप रुद्रदामन याचा सुमारे इ.स. १५० चा लेख आहे. अशोकाच्या काळात सुदर्शन तलावाचे कालवे यवनराज तुषास्फ याने काढले, असे तो सांगतो. तुषास्फ हे नाव इराणी आहे, ग्रीक नव्हे. म्हणजे पश्चिमेकडून आलेला तो यवन, असा अर्थ तेव्हाच रुळू लागला होता. पुढे तो शब्द अरब आणि तुर्कांवर गेला यात नवल नाही. मात्र त्याला तिरस्काराचा वास नंतर आला. तो मूळचा नव्हे, हे वर्गात स्पष्ट सांगितले पाहिजे.

नाशिकच्याच १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई, शक उषवदात याचा लेख आहे. ज्या नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या, त्यांत पारादा, दमण यांच्या बरोबरीने आपली तापीही आहे. आता मी वर्गात आधी हा लेख घेतो. तापीचे नाव ऐकले की सुरतेची मुले सरसावून बसतात. मग फळ्यावर इंद्राग्निदत्ताचे नाव लिहितो आणि त्यापुढे ‘योनक’ हा शब्द.